ऊस रात्री झोपतो काय?

वाचकहो, प्रश्न विचारणे हे शिक्षकाचे काम आणि उत्तर देणे हे विद्यार्थ्याचे, अशी आमची तीस वर्षांची समजूत होती. गेल्या हंगामात सहावीतल्या एका मुलाने ती मोडली. त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. जे दिले ते चुकीचे होते. आणि खरे उत्तर हाती आले तेव्हा ते ऐकावयास तो वर्गात नव्हता. ते उत्तर या महिन्याच्या लेखात मांडीत आहोत. ऋण फेडावयाचे तर निदान चारचौघांसमक्ष तरी ते कबूल करावे, एवढाच हेतू.

आमचा कामरेज तालुका एकेकाळी गायकवाडीत, नवसारी प्रांतात मोडत असे, हे आपल्यांतील वडीलधाऱ्यांस ठाऊक आहेच. आपल्यांपैकी कित्येकांचे आजे-पणजे त्या काळी कारकुनी वा शिक्षकी करीत इकडे स्थिरावले. त्यांनी पाहिलेला मुलूख कापसाचा आणि ज्वारीचा. पुढे १९५० च्या दशकात तापीवर काकरापारचा बंधारा झाला, १९७२ मध्ये उकाईचे धरण पुरे झाले, कालव्यांचे पाणी शिवाराशिवारांत पोहोचले आणि पाण्यामागोमाग ऊस आला. बारडोलीस सहकारी साखर कारखाना निघाला, मग आसपासच्या तालुक्यांतही निघाले. आज महामार्ग सोडून कोणत्याही गावाच्या वाटेस लागा, दोन्ही अंगांस उसाच्या हिरव्या भिंती उभ्या दिसतात.

हा ऊस तोडावयास माणसे येतात ती बहुतेक परगावची. दसरा-दिवाळीच्या सुमारास धुळे, नंदुरबार, जळगावकडून आणि डांगांतून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती अंगमेहनतीने फेडावयाची. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी त्यांची मोजदाद. गावाबाहेर त्यांचा पडाव पडतो. पाचटाच्या, प्लास्टिकच्या कागदाच्या खोपी उभ्या राहतात. आईबापांबरोबर लेकरेही येतात आणि त्यांतली काही, आमच्या सुदैवाने, शाळेत येतात. शाळेचे माध्यम गुजराती. परंतु मुख्याध्यापक आपल्या बोलीजवळचे बोलतात असे कळले की खानदेशी पोरांच्या चेहऱ्यावरचा परकेपणा थोडा उतरतो, हे आम्ही दरवर्षी पाहतो.

त्या मुलाविषयी आमच्याकडे तक्रार होती ती एकच. पहिल्या तासाला तो झोपे. डुलकी नव्हे, चांगली गाढ झोप. मार्गशीर्षातील एके सकाळी विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या म्हणून त्यांचा तास आम्ही घेतला. आम्ही एम.ए. मराठीचे, पण सहावीचे विज्ञान आपणांस जड नाही, असा एक फाजील विश्वास प्रत्येक मुख्याध्यापकास असतोच. वनस्पती सूर्यप्रकाशात आपले अन्न कसे तयार करतात हे आम्ही मोठ्या रसाळपणे सांगत होतो आणि शेवटच्या बाकावर हा झोपलेला. आम्ही त्याला उभे केले आणि विचारले, “काय रे, रात्री घरी झोपत नाहीस काय?” वर्ग हसला. तो खाली मान घालून म्हणाला, “रातले गाडी भरनी व्हती, गुरुजी.”

तोडलेला ऊस फार काळ ठेवून चालत नाही. त्यातली साखर उतरू लागते. म्हणून ट्रक येईल तेव्हा भरावा लागतो, मग ती रात्रीची दोनची वेळ का असेना. आईबाप मोळ्या वाहतात, थोरले पोर दिवा धरते किंवा धाकट्यास सांभाळते. हे आम्हांस माहीत नव्हते असे नाही. माहीत असूनही ते त्या क्षणी आठवले नाही, हा आमचा दोष. आम्ही काही बोलणार तोच त्याने मान वर करून विचारले, “गुरुजी, ऊस बी रातले जपस का?”

अहिराणीत जपणे म्हणजे झोपणे. ऊससुद्धा रात्री झोपतो काय, असे तो विचारीत होता. प्रश्न थट्टेचा नव्हता. ज्या उसापायी आपली झोप जाते तो स्वतः तरी झोपतो की नाही, हे त्यास खरोखरच जाणून घ्यावयाचे असावे. आम्ही म्हणालो, “झोपतो तर! रात्री सगळेच झोपतात.” वर्ग पुन्हा हसला. तो खाली बसला.

घरी जाताना ते उत्तर आम्हांस टोचू लागले. रात्री सगळेच झोपतात, हे त्याच्यासमोर तरी म्हणावयास नको होते. आणि ऊस झोपतो म्हणजे नेमके काय करतो, हे तर आम्हांस मुळीच ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी बाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “अंधारात प्रकाशसंश्लेषण थांबते खरे, सर, पण ते नुसते दिवा मालवल्यासारखे थांबत नाही. उसात ते थांबविणारा एक वेगळा घटक असतो.” नवसारीच्या कृषी विद्यापीठात शिकलेला आमचा एक माजी विद्यार्थी आहे, त्याच्याकडून पुस्तके मागविली. तीन आठवडे आम्ही विद्यार्थी झालो. त्यातून जे उमजले ते असे.

हिरव्या पानात हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडण्याचे काम एका विकराकडे असते. विकर म्हणजे सजीवाच्या शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. इंग्रजीत ज्यास एंझाइम म्हणतात ते. या विकराचे नाव रुबिस्को. पृथ्वीवरच्या जवळजवळ साऱ्या अन्नाचे मूळ शोधीत गेल्यास याच्यापाशीच येऊन थांबावे लागते. परंतु एवढ्या थोर कामगारात एक खोड आहे. कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांत त्याची गफलत होते. चुकून ऑक्सिजन पकडला की झाडाची कमाई वाढावयाच्या ऐवजी घटते. ऊन जसे कडक, तशी ही चूक अधिक. भात, गहू, कापूस, तूर ही सारी पिके हा तोटा मुकाट्याने सोसतात.

ऊस तो सोसत नाही. हे प्रथम ध्यानात आले ते अर्थातच उसाच्या मुलखांत. हवाई बेटांवरील साखर उत्पादकांच्या संशोधन केंद्रात ह्यूगो कोर्टशाक, कॉन्स्टन्स हार्ट आणि जॉर्ज बर यांनी किरणोत्सारी कार्बनच्या साहाय्याने पाहिले, की इतर झाडांत कार्बन पकडल्यावर प्रथम तीन कार्बन अणूंचे संयुग बनते, उसात मात्र चार अणूंची आम्ले अगोदर दिसतात. त्यांचा निबंध १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. रशियात कार्पिलोव्ह यांना मक्यात असेच काही त्याहीपूर्वी आढळले होते. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे एका साखर कंपनीच्या प्रयोगशाळेत हॅल हॅच आणि रॉजर स्लॅक हे दोघे या कोड्यामागे लागले आणि १९६६ पासून पुढील काही वर्षांत त्यांनी साऱ्या क्रियेचा उलगडा केला. चार कार्बनांच्या त्या पहिल्या संयुगावरून या रीतीस ‘सी-चार’ असे नाव पडले.

उसाचे पान आडवे कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तर प्रत्येक शिरेभोवती मोठ्या पेशींचे एक कडे दिसते आणि त्या कड्याबाहेर दुसऱ्या पेशींचा वेढा. रुबिस्को आतल्या कड्यात बसलेला असतो. हवेतला कार्बन पकडतो तो बाहेरच्या वेढ्यातला एक निराळाच विकर, जो ऑक्सिजनला कधी फसत नाही. पकडलेला कार्बन आम्लाच्या रूपाने आत पोहोचविला जातो आणि रुबिस्कोपुढे ओतला जातो. रुबिस्कोभोवती कार्बन डायऑक्साइडची एवढी गर्दी होते, की चूक करण्यास त्याला फारसा वाव राहत नाही.

आपल्या जुन्या विहिरीवरचा रहाट ज्यांनी पाहिला असेल त्यांस हे चटकन् कळेल. पोहरा भरून वर येतो, पन्हाळीत पाणी ओततो आणि रिकामा होऊन परत खाली जातो. उसाच्या पानातही कार्बन ओतून झाल्यावर पोहरा रिकामा परततो; त्या रिकाम्या संयुगाचे नाव पायरुवेट. गोम अशी, की हा पोहरा परततो तो जणू पालथा होऊन. तो सुलटा केल्याखेरीज त्यात पुन्हा कार्बन भरता येत नाही. तो सुलटा करणारा विकर म्हणजे पायरुवेट फॉस्फेट डायकायनेज. १९६८ मध्ये हॅच आणि स्लॅक यांनीच तो अशा वनस्पतींच्या पानांत शोधून काढला. हे नाव उच्चारताना आमचीही जीभ अडखळली. म्हणून आपण त्यास नुसते रहाटकरी म्हणू. हा रहाटकरी चपळ नव्हे. साऱ्या रहाटाची गती बव्हंशी त्याच्या हातावर अवलंबून असते. शिवाय त्याचे काम महाग. पेशीत शक्तीचे चलन असते ते एटीपी. पोहरा सुलटा करण्यासाठी हे चलन त्याला चांगलेच खर्चावे लागते. दिवसा ऊन असते, चलन भराभर पडते, खर्च परवडतो. रात्री टांकसाळ बंद. अशा वेळी रहाटकरी हात चालवीतच राहिला तर पाण्याचा थेंबही न मिळता घरची पुंजी मात्र संपावयाची.

मग त्याला थांबवितो कोण? येथेच आमच्या उत्तराचा गाभा आहे. पानात आणखी एक प्रथिन असते. शास्त्रज्ञ त्यास नियामक प्रथिन म्हणतात. त्याचे प्रमाण इतके अत्यल्प, की ते शोधून शुद्ध करणे हेच एक दिव्य ठरले. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात जिम बर्नेल आणि हॅच यांनी त्याची करणी उलगडली. मक्यातील त्याचे जनुक हाती लागावयास मात्र २००६ साल उजाडले. अंधार पडू लागला की हे प्रथिन रहाटकऱ्याच्या अंगावर एका ठरावीक जागी फॉस्फेटचा एक कण चिकटविते. एवढ्याने त्याचे हात बांधले जातात. उजाडले की तोच कण काढून टाकते आणि रहाट पुन्हा फिरू लागतो.

यात दोन गोष्टी आम्हांस विशेष वाटल्या. पेशींतील असली कुलपे लावणारा एक विकर आणि काढणारा दुसरा, असा सर्वसाधारण रिवाज. येथे कुलूप लावणारा आणि उघडणारा एकच. अशी उदाहरणे सजीवसृष्टीत विरळा आहेत. दुसरी गोष्ट अशी, की कुलूप लावण्यासाठी लागणारा तो कण हे प्रथिन पेशीतल्या भरलेल्या एटीपीकडून घेत नाही. खर्चून उरलेल्या एडीपीकडून घेते. अंधार पडला की पेशीत असे खर्चलेले चलन साठू लागते. तेच त्याला वर्दी देते आणि तेच त्याचे साहित्यही. विझत आलेल्या मेणबत्तीच्या थोटकावरच लाख वितळवून दारावर मोहोर करावी, तसे हे काम. उजेडात खर्चलेले चलन पुन्हा भरले जाते, साठा घटतो आणि मोहोर निघते. हे बंद होणे काही मिनिटांचे असते. नुसते आभाळ दाटून आले तरी रहाटकऱ्यांपैकी काहींचे हात बांधले जातात आणि ऊन पडताच सुटतात. जेवढे ऊन, तेवढेच काम.

तर मग ऊस रात्री झोपतो काय? रहाट थांबतो, एवढे खरे. बाकीचे पान मात्र निजत नाही. दिवसा केलेल्या कमाईपैकी पानात राहिलेला वाटा रात्री साखरेच्या रूपाने कांड्याकडे रवाना होत असतो. श्वसन चालू असते. रहाट बंद ठेवून झाड आपली पुंजी जपत असते. येथे आम्हांस त्या मुलाच्या शब्दाची मौज वाटली. अहिराणीत जपणे म्हणजे झोपणे. आपल्या ग्रांथिक मराठीत जपणे म्हणजे सांभाळणे, राखणे. ऊस रातले जपस का, या प्रश्नास दोन्ही अर्थांनी होकार देता येतो. आम्ही मात्र त्या दिवशी एका अर्थीही समजून दिला नव्हता.

हा रहाटकरी थंडीस भितो, हेही सांगावयास हवे. पारा साधारण बारा अंशांच्या खाली उतरला की त्याची चार भागांची जुळणी उकलू लागते आणि काम मंदावते. उत्तरेकडील कडाक्याच्या थंडीत उसाची वाढ खुंटते त्याचे हे एक कारण. आमच्याकडे सहसा तेवढी थंडी नसते. हिवाळ्यात वाढ जराशी आवरते आणि कांड्यांत साखर भरते. म्हणूनच ऊसतोडीचा हंगाम थंडीत येतो. आणि म्हणूनच पडावातल्या माणसांस वर्षातल्या सर्वांत गार पहाटे उघड्यावर काढाव्या लागतात.

ही हिकमत एकट्या उसाची नाही. खानदेशातली बाजरी, आपल्या कोठारातली ज्वारी, मका हे सारे त्याच पंथातले. इतकेच काय, गणपतीस वाहावयाच्या एकवीस दूर्वा, म्हणजे शेतकरी जिला हरळी म्हणून शिव्या देतो तीही यांतलीच. भर उन्हात ती का मरत नाही, याचे उत्तर काही अंशी येथे आहे. पृथ्वीवरील वनस्पतींच्या जातींपैकी शेकडा तीनच्या आसपास जाती या रीतीच्या, परंतु जमिनीवर होणाऱ्या प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे चतुर्थांश वाटा त्यांचा. हाच रहाट भातात बसविता येईल काय, म्हणून २००८ पासून अनेक देशांचे शास्त्रज्ञ खटपट करीत आहेत. काम अवघड आहे. कारण नुसता रहाट नेऊन भागत नाही, पानाची सारी घडणच बदलावी लागते. आणि रहाटाबरोबर त्याला वेळेवर थांबविणाराही हवाच. थांबविल्याशिवाय चालविणे निसर्गास मंजूर नाही, असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही.

आता आमच्या ऋणाची गोष्ट. त्या दिवसानंतर आम्ही एक केले. वाचनालयाच्या खोलीत एक सतरंजी अंथरली आणि पडावातल्या ज्या मुलांची रात्र गाडीवर गेली असेल त्यांनी पहिला तास तेथे निजावे, असे सांगितले. काही सहकाऱ्यांस हे रुचले नाही. शाळा की धर्मशाळा, असा शेरा कानांवर आला. आम्ही रागावलो नाही, कारण महिन्यापूर्वी आमचेही तेच मत होते. तो मुलगा चार-पाच दिवस तेथे झोपला. नंतरच्या तासांना जागा राहू लागला, हे आम्ही स्वतः पाहिले. गणितात तर तो चांगलाच होता. मोळ्यांचा हिशेब ठेवून ठेवून झाला असावा.

आमचा अभ्यास पुरा झाला त्या सोमवारी फळ्यावर पान, कडे आणि रहाट यांचे चित्र काढून आम्ही त्याची वाट पाहिली. शेवटचा बाक रिकामा होता. दुपारी पडावाकडे गेलो. खोपींच्या जागी चुलींचे काळे दगड आणि वाळलेले वाढे तेवढे उरले होते. त्या शिवारातला ऊस संपला, टोळी पुढच्या फडावर गेली, असे शेजारच्या रखवालदाराने सांगितले. कोठे, ते त्यासही ठाऊक नव्हते. शाळेचा दाखला नाही, स्थलांतराची नोंद नाही. हजेरीपटावर नाव राहिले आणि त्यापुढे गैरहजेरीच्या खुणा. ती नोंद वेळेवर करून मुलाच्या हाती देणे आमच्याच हातात होते. उसाच्या पानाचे पुस्तक वाचता वाचता ते राहून गेले.

यंदा दिवाळीची सुट्टी संपताच आम्ही प्रथम पडाव गाठला. आलेल्या मुलांची नावे, मूळ गाव, मूळ शाळा, इयत्ता असे लिहून घेतले आणि टोळी हलण्यापूर्वी कळवावे, म्हणजे तयार कागद देऊ, असे मुकादमास बजावले. सतरंज्या आता तीन आहेत. वाचकहो, आपल्यांपैकी अनेकांची शेते या भागात आहेत, कित्येकांचे सोयरे धुळ्या-नंदुरबारकडे आहेत. आपल्या शिवाराजवळ पडाव पडला तर एकदा जाऊन मुले किती, कोणत्या इयत्तेतली, एवढे विचारावे आणि जवळच्या शाळेस कळवावे. त्यांची भाषा आपण जाणतो. ही सोय इतरांपाशी नाही.

तो मुलगा या वर्षी अद्याप आमच्याकडे आलेला नाही. आला तर सातवीत बसेल. पहिल्या तासाला आम्ही त्यास झोपू देऊ आणि दुसऱ्या तासाला त्याचे उत्तर सांगू.